घरून प्रवेशपरीक्षा देताय? वही ठेवा बाजूला, पाटी आणा

गेल्या वर्षी माझ्याकडे गणित शिकायला येणाऱ्या एका मुलाने जीआरई, म्हणजे परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठीची प्रवेशपरीक्षा, घरून दिली. पासपोर्ट, इंटरनेट, वेबकॅम सगळं चोख होतं. टेबलावर नवीकोरी फुलस्केप वही, दोन जेलपेनं आणि टोक काढून ठेवलेली पेन्सिल. प्रॉक्टरने, म्हणजे कॅमेऱ्यातून लक्ष ठेवणाऱ्या पर्यवेक्षकाने, सुरुवातीलाच सांगितलं, हे सगळं टेबलावरून हलवा. मग लिहायचं कशावर? घरात एकच व्हाइटबोर्ड होता, फ्रिजला चिकटवलेला, दुधाचा हिशेब लिहायचा. त्याचा मार्कर केव्हाच कोरडा पडलेला. आई शेजारच्या खोलीत होती, पण दार उघडायची सोय नाही. पोराने गणिताचे सत्तावीसच्या सत्तावीस प्रश्न तोंडी सोडवले, आणि निकाल तसाच लागला.

नियम कुणी लपवून ठेवला नव्हता, त्याने तो वाचलाही होता. पण ‘कागदावर टिपणं काढता येणार नाहीत’ याचा अर्थ त्याने ‘छापील नोट्स आणू नका’ असा लावला होता. कोरा कागदही चालत नाही हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. दरवर्षी एक-दोन मुलं तरी याच ठिकाणी अडखळतात, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

कोऱ्या कागदाला एवढा विरोध का?

परीक्षा केंद्रावर तुम्हाला कागद मिळतो, पण तो केंद्राचा असतो. आणखी हवा असेल तर वापरलेला परत द्यावा लागतो आणि शेवटी सगळे ठेवून यावे लागतात. घरी तो कागद परत घेणार कोण? त्यावर उतरवलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी कुणाच्याही हातात पडू शकतो, आणि या परीक्षांचे प्रश्न एकदा वापरून फेकून दिले जात नाहीत. म्हणून लिहिलेलं कॅमेऱ्यासमोर पुसता येईल असं साधन हवं, एवढाच सगळा मामला. हे कारण लक्षात ठेवलं तर बाकीचे नियम पाठ करायची गरज पडत नाही.

आधी तुमची परीक्षा कोणत्या गटातली ते पाहा

मैत्रिणीने एमबीएच्या प्रवेशासाठीची जीमॅट दिली आणि तुम्ही जीआरई देणार असाल, तर तिचा सल्ला लिहिण्याच्या साधनांपुरता बाजूला ठेवा.

जीआरई आणि इंग्रजीची टोफेल घरून देताना दोनच पर्याय आहेत. एक, टेबलावर ठेवता येईल असा छोटा व्हाइटबोर्ड आणि पुसला जाणारा मार्कर. दोन, शीट प्रोटेक्टर या प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशवीत घातलेला एक कागद आणि तसाच मार्कर. नुसता कागद नाही, पेन नाही, पेन्सिल नाही. परीक्षा संपताना सगळं पुसलं आहे हे प्रॉक्टरला दाखवावं लागतं.

घरून दिल्या जाणाऱ्या जीमॅटमध्ये एक व्हाइटबोर्ड चालतो, १२ बाय २० इंच, म्हणजे ३० बाय ५० सेंटिमीटरपेक्षा मोठा नाही. त्याच्या जोडीला जास्तीत जास्त दोन मार्कर आणि एक डस्टर. शिवाय परीक्षेच्या पडद्यावरही एक पाटी असते, माउसने लिहायची. एप्रिल २०२० मध्ये घरची जीमॅट सुरू झाली तेव्हा फक्त ती पडद्यावरचीच होती. माउसने अपूर्णांक लिहून पाहा, म्हणजे मुलांनी तेव्हा किती बोटं मोडली असतील ते कळेल. जूनमध्ये हातातल्या बोर्डाला परवानगी मिळाली. आता दोन्ही वापरता येतात, पण पडद्यावरच्या पाटीला अडीअडचणीचा आधार एवढंच समजा.

ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेत काहीच चालत नाही. कागद, पेन, बोर्ड, काही नाही. नजर पडद्यावर आणि हात कीबोर्डवर. इथे बोर्ड आणलात तर तोच गुन्हा ठरेल.

अमेरिकेतल्या कायद्याच्या शिक्षणासाठीची एलसॅट या सगळ्यांत उदार. घरून देणाऱ्यांना पाच कोरे कागद आणि पेन-पेन्सिल चालायची. पण ऑगस्ट २०२६ पासून ती बहुतेकांसाठी केंद्रावरच होणार असं जाहीर झालं आहे, त्यामुळे तिचं उदाहरण देऊन जीआरईच्या प्रॉक्टरशी वाद घालू नका.

एमएचटी-सीईटी, स्नॅप, कॅट या परीक्षा केंद्रावर होतात आणि कच्च्या कामाचा कागद केंद्रच देतं, तेव्हा त्या मुलांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल. एखाद्या खासगी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा घरून असेल तर त्यांच्या सूचनापत्रात ‘रफ शीट’ हा शब्द शोधा. तो सापडला नाही तर ईमेल करून लेखी उत्तर मागवा. फोनवर कुणी ‘हो हो, चालेल’ म्हणालं तर ते प्रॉक्टरला दाखवता येत नाही.

एक पथ्य सगळ्यांना लागू आहे. अधिकृत संकेतस्थळावरचं नियमांचं पान तारीख घेताना एकदा आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा वाचा. हे नियम मध्येच बदलतात, आणि क्लासवाल्यांची पत्रकं मात्र वर्षानुवर्षं तीच फिरत असतात.

खरेदी

पुण्यात अप्पा बळवंत चौकात अर्ध्या तासात सगळं मिळतं. नेटवरून घरी मागवण्यापेक्षा हे हातात घेऊन बघण्याचं सामान आहे, म्हणून मी मुलांना तिथेच पाठवते. जाताना मोजपट्टी न्या. दुकानात बोर्ड फुटांत विकतात. ‘एक बाय दीड’ म्हणजे १२ बाय १८ इंच, जीमॅटच्या मापात बसणारा. पण चौकटीसकट मोजा, कारण कधी कधी पांढरा भाग बरोबर फूटभर असतो आणि चौकट त्याच्या बाहेर अर्धा-अर्धा इंच येते. ‘दीड बाय दोन’ कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. जीआरईला ए-४ कागदाएवढा बोर्ड हाताला सगळ्यात सोयीचा पडतो.

लहान मुलांचे बोर्ड टाळा. एका बाजूला काळी पाटी आणि दुसऱ्या बाजूला पांढरी, वर कडेने अ-आ-इ किंवा पाढे छापलेले. कडेला छापलेलं ‘बारा चोक अठ्ठेचाळीस’ तुमच्या काही उपयोगाचं नाही, पण प्रॉक्टरला मराठी येत नाही आणि तिथे काय लिहिलंय हे पटवून देण्यात तुमची दहा मिनिटं जातील. मागे चौकटी किंवा रेघा छापलेला बोर्डही नको. दोन्ही बाजू कोऱ्या हव्यात.

मार्कर घेताना नुसतं ‘मार्कर द्या’ म्हणू नका. परमनंट मार्कर आणि व्हाइटबोर्ड मार्कर दिसायला सख्खे भाऊ असतात. कॅमलिन घ्या नाहीतर दुसरा कुठला, पण नळीवर ‘व्हाइटबोर्ड’ किंवा ‘ड्राय इरेज’ लिहिलेलं वाचूनच पैसे द्या. बारीक टोकाचा मिळाला तर उत्तम, कारण जाड टोकाने वर्गमूळाच्या चिन्हाखाली वर्ग लिहिला की सगळा ठिपका होतो. काळा किंवा निळा घ्या. लाल आणि हिरवा बोर्डावर डाग ठेवून जातात असा माझा अनुभव आहे.

चुकून परमनंटने लिहिलं गेलंच तर घासत बसू नका. त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्करने गिरवा आणि ओलं असतानाच पुसा. मार्करमधल्या द्रावकाने खालची शाई सुटते आणि दोन्ही एकदम निघतात.

शीट प्रोटेक्टर म्हणजे फाइलला लावायला कडेला भोकं असलेली पारदर्शक पिशवी. दुकानात त्याच नावाने मिळते. चकचकीत आणि जाड घ्या. पातळ आणि दुधी असते तिच्यावर शाई धड बसत नाही. आत साधा पांढरा कागद, कोरा. आलेख कागद घालायची हुशारी काही मुलं करतात, ती करू नका. लॅमिनेट केलेला कागद ‘जवळजवळ तसाच’ असला तरी नियमात शब्द शीट प्रोटेक्टर हा आहे, आणि परीक्षेच्या दिवशी ‘जवळजवळ’वर भिस्त ठेवू नये.

दोन्हींतलं काय घ्यावं, असं विचाराल तर बोर्ड घ्या. प्लॅस्टिकवर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, वाळायला वेळ घेते, आणि तळहात लागला की फराटा उठतो. पिशवी टेबलावर सरकते ती वेगळीच. प्रोटेक्टर घरात जादा म्हणून असू द्या.

घरी आणल्यावर

नव्या बोर्डावर पातळ संरक्षक कागद चिकटवलेला असतो, तो काढा. हसू नका. मागच्याच मोसमात एका मुलीने महिनाभर त्याच्यावरच लिहिलं आणि ‘बाई, बोर्ड खराब निघाला’ म्हणून मला दाखवायला आणला.

मग कोपऱ्यात एक ओळ लिहा, दहा आकडे मोजा, पुसा. मागे सावली राहिली तर डस्टर किंवा मार्कर बदला. दुसऱ्या दिवशी हीच कसोटी ओळ तासभर तशीच ठेवून घ्या. जुनी शाई पुसायला जड जाते, आणि परीक्षा संपताना पहिल्या प्रश्नाची शाई बरीच जुनी झालेली असेल.

मार्कर आडवे ठेवायचे. टोक वर करून पेनस्टँडमध्ये ठेवला की शाई खाली बसते आणि ऐनवेळी फिकट उमटतो.

पाटीवर गणित करायची सवय

खरी तयारी इथे आहे, आणि मुलं नेमकी हीच टाळतात. बोर्ड आदल्या आठवड्यात येतो, मार्कर चालतो का बघतात, झालं. पण वहीवर करायचं गणित वेगळं आणि पाटीवरचं वेगळं. वहीत मागचं पान उलटून बघता येतं, पाटीवर पुसलेलं गेलंच. आपल्या आजी-आजोबांना हे सांगावं लागलं नसतं.

जागेचा हिशेब बघा. जेलपेनच्या बारीक रेघेने ए-४ पानावर दहा-बारा प्रश्नांचं कच्चं काम सहज मावतं. मार्करने अक्षर बोटाच्या पेराएवढं होतं आणि चार-पाच प्रश्नांत बोर्ड भरतो. जीआरईच्या गणिताच्या पहिल्या भागात १२ प्रश्नांना २१ मिनिटं आणि दुसऱ्यात १५ प्रश्नांना २६ मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. त्यात तीन-चारदा पुसणं आलं. म्हणून लिहिणंच कमी करावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. सिंहगड चढताना वेग ताशी ३ किलोमीटर, त्याच वाटेने उतरताना ताशी ६, तर सरासरी वेग किती? वहीवाला मुलगा अंतर ‘डी’ मानतो, दोन अपूर्णांक लिहितो, छेद समान करतो, पाच ओळी. पाटीवाली मुलगी अंतर ६ किलोमीटर मानते आणि एवढंच लिहिते: १२, २ + १ = ३, उत्तर ४. सूत्र दोघांनाही येतं. ती फक्त जागा बघून पद्धत निवडायला शिकली आहे.

बोर्डाच्या डाव्या कडेला चार बोटं रुंदीचा पट्टा आखून घ्या. ही रेघ परीक्षेचं घड्याळ सुरू झाल्यावरच मारायची, आधी नाही. उजवीकडचा मोठा भाग कच्च्या कामाचा, तो कधीही पुसा. डावा पट्टा परीक्षेचा तो भाग संपेपर्यंत पुसायचा नाही. ज्या प्रश्नाकडे परत यायचं आहे त्याचा क्रमांक, तयार झालेलं समीकरण आणि कोणते दोन पर्याय उरले, एवढंच तिथे. म्हणजे परत आल्यावर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जीआरईत त्या भागापुरतं मागे-पुढे जाता येतं. जीमॅटमध्ये प्रत्येक भागाच्या शेवटी फक्त तीनच उत्तरं बदलता येतात, तेव्हा कोणते तीन प्रश्न पुन्हा उघडायचे ते हा पट्टाच सांगतो.

पुसायचं कधी? प्रश्नाच्या मध्यावर कधीच नाही. उत्तर निवडलं, पुढचा प्रश्न उघडला, तो वाचत असताना डावा हात डस्टरवर. वाचणं आणि पुसणं एकाच वेळी व्हायला आठवडा लागतो, पण एकदा जमलं की पुसण्यात वेळ गेलेला कळतही नाही. डावखुऱ्या मुलांनी बोर्ड घड्याळाच्या दिशेने थोडा तिरका ठेवून पाहावा, लिहिलेल्यावरून तळहात फिरणं बरंच कमी होतं.

जीमॅटच्या तिन्ही भागांना प्रत्येकी ४५ मिनिटं असतात. त्यातल्या गणिताच्या २१ प्रश्नांना कॅल्क्युलेटर नाही, म्हणून बोर्डाचा खरा कस तिथेच लागतो. डेटा इनसाइट्समध्ये, म्हणजे तक्ते-आलेख वाचून उत्तरं द्यायच्या भागात, पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळतो, तिथे लिहिणं आपोआप घटतं. जीआरईच्या निबंधाचा आराखडा मात्र बोर्डावर करू नका, सरळ टंकायच्या चौकटीतच चार शब्द टाका आणि त्यांच्यावरून पुढे लिहा.

तीन आठवडे द्या. पहिल्या आठवड्यात घड्याळाशिवाय रोज दहा गणितं, फक्त बोर्डावर. दुसऱ्यात घड्याळ लावून एकेक भाग. तिसऱ्यात दोन पूर्ण सराव परीक्षा, वेबकॅमवर स्वतःचं चित्रण करत. मघाच्या त्या मुलाला पुन्हा जीआरई देण्यासाठी २१ दिवस थांबणं भागच होतं, त्याने ते असेच वापरले.

ते चित्रण मात्र नंतर बसून बघा. दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, बोर्ड मांडीवर घेऊन लिहायची सवय, त्यात हात कॅमेऱ्याबाहेर जातात. बोर्ड टेबलावरच हवा, कीबोर्डच्या शेजारी, हात दिसतील असा. दुसरी गोष्ट अस्सल मराठी आहे: ओठ हलतात. आपण पाढे चालीवर पाठ केलेले असतात, ‘तेरा साती’ मनात येताच ‘एक्क्याण्णव’ तोंडातून बाहेर पडतं. प्रॉक्टरला दिसतं ते एवढंच की उमेदवार कुणाशी तरी बोलतोय. पुटपुटणं नियमात बसत नाही. ज्याला पाढ्याशिवाय चालतच नाही त्याने तेवढा गुणाकार बोर्डावर लिहून करावा.

टेबल आणि खोली

टेबलावर बोर्ड, मार्कर, डस्टर, ओळखपत्र. पेनस्टँड खोलीबाहेर. टेबलाच्या खणात राहिलेलं बॉलपेनसुद्धा काढा, नाहीतर सवयीने हात जातो. भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा. मागच्या पानांवर केवढा मजकूर असतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि कॅमेऱ्यालाही तो दिसतो. जीआरईत पलंगावर बसून परीक्षा देता येत नाही आणि खोलीचं दार प्रॉक्टरला दिसावं लागतं, तेव्हा टेबल कुठे लावायचं हे आदल्या दिवशीच ठरवा. बोर्डावर ट्यूबलाइटची तिरीप पडत नाही ना तेही तेव्हाच बघा. चमकणाऱ्या बोर्डावर काही लिहिलेलं नाही हे प्रॉक्टरला दिसणारच नाही.

तारीख घेताना गुरुवार टाळा. महावितरणची दुरुस्ती आणि पाणीबंद दोन्ही पुण्यात त्याच वारी गाठ घालतात. पेठांत राहत असाल तर गणपतीचे दिवसही नकोत, आणि त्याआधीच्या ढोल-ताशांच्या सरावाची वेळ विचारून घ्या.

परीक्षेच्या दिवशी

सकाळी मार्कर चालवून बघा, मग बोर्ड ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. जीआरईला पडदा दाखवण्यासाठी हातातला आरसा किंवा मोबाइल लागतो. मी आरसाच सुचवते, म्हणजे मोबाइल खोलीत ठेवायचा प्रश्नच उरत नाही. जीमॅटला खोलीचे आणि ओळखपत्राचे फोटो मोबाइलने काढून पाठवावे लागतात, ते झालं की मोबाइल हाताच्या अंतरावर राहता कामा नये.

तपासणी सुरू झाली की बोर्ड स्वतःहून उचला. आधी पुढची बाजू, मग मागची, मग मार्कर, मग डस्टर. कॅमेऱ्यासमोर दोन-दोन सेकंद स्थिर धरा. ‘व्हाइटबोर्ड, बोथ साइड्स ब्लँक’ एवढं इंग्रजी पुरे. पुसायला डस्टरऐवजी कापड वापरणार असाल तर ते झटकून, उलगडून दाखवा. जीआरईला दुसरा मार्कर जवळ ठेवायचा असेल तर तो याच वेळी विचारायचा, मध्यावर नाही.

प्रॉक्टरने एखाद्या वस्तूला नकार दिला तर वाद न घालता चॅटमध्ये लिहा: नियमांच्या पानावर हिला परवानगी आहे, कृपया वरिष्ठांना विचारा. बोलण्यापेक्षा लिहिलेलं बरं, त्याची नोंद राहते. तरीही नकारच आला तर ती वस्तू बाजूला ठेवा आणि प्रोटेक्टर दाखवा. जादा म्हणून आणलेला तो याच क्षणासाठी.

घड्याळ सुरू होईपर्यंत बोर्डाला मार्कर लावू नका. सूत्रं आधी उतरवून घ्यायचा मोह प्रत्येकाला होतो. जीमॅटच्या दहा मिनिटांच्या सुट्टीतही बोर्ड तसाच राहू द्या.

संपताना

जीआरई संपली की भाषेचे आणि गणिताचे अनधिकृत गुण पडद्यावर येतात, आणि हात आपोआप मार्करकडे जातो. तो आकडा बोर्डावर लिहू नका. मोबाइलने पडद्याचा फोटो तर स्वप्नातही नाही. दोन आकडे आहेत, ते लक्षात राहतात.

डस्टर घ्या, पुढची बाजू पुसा, मागची पुसा, डावा पट्टाही पुसा. ज्यांनी तीन आठवडे तो पट्टा जपायची सवय लावून घेतली ते नेमका तोच विसरतात. दोन्ही बाजू कॅमेऱ्यासमोर धरा. प्रॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत, नाहीतर चॅटमध्ये तसं लिहीपर्यंत, बोर्ड खाली ठेवू नका आणि पडद्यावरची परीक्षेची खिडकी बंद करू नका. त्याचं लक्ष नसेल तर तुम्हीच लिहा की पुसलं आहे, बघून घ्या. यात अर्धं मिनिट जातं. मग सत्र बंद करायचं आणि दार उघडायचं.